ठीक आहे म्हटलेली गाडी

दोघे साडू. थोरल्या बहिणीचा नवरा फिटर, धाकटीचा ड्रायव्हर. फिटरनं एका मोठ्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं काढली होती, त्यातली बावीस अवजड गाड्यांचे ब्रेक बांधण्यात. नुकताच तो निवृत्त होऊन घरी बसला होता. ड्रायव्हर वीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या हाकून विटला होता. एकदा तरी स्वतःच्या गाडीचं दार स्वतःच्या किल्लीनं उघडायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. नवी गाडी आवाक्याबाहेर होती. सहा महिने जुन्या गाड्यांची यार्डं पालथी घातल्यावर त्याला एक ट्रेलर सापडला. चौदा वर्षांचा, पण इंजिन ठणठणीत, आणि किंमत अशी की कुणालाही संशय यावा. ड्रायव्हरला आला नाही.

यार्डात पोचल्या पोचल्या फिटरनं ओळखलं, हा गाडी बघायला आलेला नाही, घ्यायलाच आलेला आहे. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं, डोळे मिटून कान दिला, आणि लेकीचं गाणं ऐकावं तसा हसला.

"इंजिन माझ्याकडे," तो म्हणाला. "ब्रेक तुमच्याकडे, साडूभाऊ. तुम्ही ठीक म्हणालात की मी व्यवहार करून टाकतो."

यार्डाचा मालक दात कोरत उभा होता. त्यानं एक पोतं आणून गाडीशेजारी टाकलं. "झोपा की खाली. बघून घ्या निवांत."

फिटर गुडघ्यांवर बसला, टॉर्च लावला, मान वाकवली आणि तिथंच अडला.

नऊ वर्षांपूर्वी वर्कशॉपमध्ये एक गाडी जॅकवरून घसरली होती. एका बाजूला फिटर होता, दुसऱ्या बाजूला त्याचा जोडीदार. गाडी जोडीदाराच्या अंगावर आली. जॅक फिटरनं लावला होता. चौकशीत जॅकच सदोष निघाला, त्याच्यावर कुणी ठपका ठेवला नाही. पण तो आवाज त्याच्या कानातून गेला नाही. फार मोठा नव्हता तो. ओलं पोतं जमिनीवर टाकल्यासारखा. त्या दिवसानंतर फिटर कधी गाडीखाली गेला नाही. गुडघे दुखतात असं सांगून त्यानं उरलेली नोकरी सामानाच्या खिडकीत बसून नटबोल्ट देण्यात काढली. बायकोलाही त्यानं गुडघेच सांगितले होते.

त्यानं बाहेर बसूनच टॉर्चचा झोत आत फिरवला. गाडीचं पोट ताज्या काळ्या रंगानं चकाकत होतं. मनात पाल चुकचुकली. चौदा वर्षांच्या गाडीच्या पोटाला रंग कोण देतं? ज्याला काही झाकायचं असेल तोच. पण हे बोलून दाखवावं तर ड्रायव्हर म्हणणार, मग बघा काय झाकलंय ते. आणि बघायचं तर त्या पोत्यावर आडवं होऊन आत सरकायला हवं. त्याच्या मानेवरून घामाचा ओघळ पाठीत उतरला.

तो उठला, गुडघे झटकले.

"ठीक आहे," तो म्हणाला.

ड्रायव्हरनं पुढं काही विचारलं नाही. तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, एवढंच म्हणाला आणि मालकाच्या खोलीत शिरला.

त्यानंतरचे तीन आठवडे फिटरचा जीव टांगणीला लागला होता. फोन वाजला की तो थोरलीला उचलायला लावायचा. कागदपत्रं झाली, पुढचे दोन टायर बदलून झाले, धाकटीनं केबिनला पडदे शिवले. तिचं शिवणाचं मशीन तिच्या हातात बोलायचं, टीप कुठं वाकडी जायची नाही. एका रविवारी ड्रायव्हर बायकोला आणि लेकीला गाडीत बसवून बाहेरच्या रस्त्यानं फिरवून घेऊन आला. फिटर खिडकीतून बघत होता. गाडी परत येऊन थांबली तेव्हा कुठं त्यानं ग्लासातलं पाणी प्यायलं. सांगून टाकावं असं त्याला रोज वाटायचं, आणि रोज सांगणं आदल्या दिवसापेक्षा अवघड होत जायचं.

पहिली मोठी खेप मिळाली, चोवीस टन फरशी, डोंगरापलीकडच्या शहरात पोचवायची. ड्रायव्हर घरी येऊन म्हणाला, "साडूभाऊ, पहिल्या खेपेला तुम्ही बरोबर पाहिजेत."

"माझं काय काम तिथं?"

"शकुन म्हणून चला."

थोरली आतून म्हणाली, "जा की. इथं बसून भिंतीशी तर बोलता दिवसभर."

तो गेला. ती गाडी काही दगा देणार असेल तर आपण तिच्यात असायला हवं, असा काहीसा हिशेब त्यानं मनाशी केला होता. तो धीर नव्हता. घरी बसून फोनची वाट बघण्याची त्याला जास्त भीती वाटत होती, इतकंच.

सकाळी माल भरून गाडी वजनकाट्यावर आली. वजन झालं, ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेऊन हँडब्रेक ओढला आणि पावती आणायला उतरला. गाडी वीतभर मागं सरकली आणि थांबली.

"सरकली," ड्रायव्हर परत आल्यावर तो म्हणाला.

"उतार आहे जमिनीला."

फिटरनं खाली पाहिलं. शेजारी कुणाच्या तरी गाडीतून सांडलेल्या डिझेलचं थारोळं होतं. ते जिथल्या तिथं होतं, कुठल्याच बाजूला वाहत नव्हतं. जमीन जवळजवळ सपाट होती. त्यानं तोंड उघडलं, पण ड्रायव्हर बोलायला लागला होता, लेक म्हणते दारावर तिनं काढलेलं चित्र रंगवून घ्यायचं, मी म्हटलं आधी हप्ते तर फेडू दे बाई. फिटरनं तोंड मिटलं. झाकली मूठ आणखी थोडी झाकली.

चढ तीन तासांचा होता. इंजिन खरोखरच चांगलं होतं, कुरकुर न करता ओढत होतं. ड्रायव्हर खुशीत होता. फिटरचं लक्ष मात्र समोरच्या हवेच्या काट्यावर होतं. या गाड्यांचे ब्रेक हवेवर चालतात. टाक्यांत हवा भरलेली असली की पायाखालचा ब्रेक लागतो. गाडी उभी करायची तर हँडब्रेक ओढायचा, म्हणजे मागच्या चाकांवरच्या डब्यांतल्या जाड स्प्रिंगा सुटतात आणि चाकं जखडतात. सगळी हवा गेली तरी त्या स्प्रिंगा गाडी धरून ठेवतात. म्हणून फिटर शिकाऊ मुलांना सांगायचा, हवा दगा देईल, स्प्रिंग देणार नाही. आणि या गाडीची स्प्रिंग जवळजवळ सपाट जमिनीवरही गाडी धरत नव्हती.

माथ्यावर उताराच्या तोंडाशी गाड्या थांबवायला मोकळी जागा होती. 'उतार सुरू. ब्रेक तपासा,' अशी पाटी होती. ड्रायव्हरनं गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद करून किल्ली खिशात टाकली.

"चहा सांगतो. येताय?"

"तू हो पुढे," फिटर म्हणाला. काट्यावरून नजर काढायची त्याची तयारी नव्हती.

चहाची टपरी साठ-सत्तर पावलांवर होती. ट्रेलरच्या समोर, जागेच्या खालच्या अंगाला, प्रवाशांची एक बस उभी होती. लोक उतरून पाय मोकळे करत होते. एक बाई पाण्याच्या बाटल्यांचं लाकडी खोकं घेऊन त्यांच्यात फिरत होती. बसच्या सावलीत कुणीतरी म्हातारा पिशवीवर डोकं ठेवून आडवा झाला होता.

फिटरला वाटलं बस आपल्याकडे येतेय. मग त्याला बसच्या चालकाची रिकामी जागा दिसली. बस नव्हती हलत.

एक क्षण तो नुसताच बसून राहिला, आपला काही संबंध नाही असा. मग त्याचं शरीरच आधी हललं. तो ड्रायव्हरच्या जागेवर घसरला आणि दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी गचका देऊन थांबली. आणि लगेच मागून, गाडीच्या पोटातून, बारीक फुसफुस ऐकू यायला लागली. कुठूनतरी हवा गळत होती. काटा साडेसातावर होता. त्याच्या डोळ्यांदेखत तो सातावर आला.

इंजिन चालू केलं तर हवा भरेल. किल्ली ड्रायव्हरच्या खिशात. त्यानं वरची दोरी ओढून भोंगा वाजवला. डोंगर दणाणला, काटा सर्रकन साडेसहावर घसरला, आणि तेव्हा त्याला आठवलं की भोंगाही हवेवरच वाजतो. टपरीकडे पाठमोऱ्या ड्रायव्हरनं मागं न बघताच हात वर केला. येतो येतो, अशा अर्थी. चहावाल्याबरोबर त्याच्या गप्पा रंगल्या होत्या.

फिटरनं दोरी सोडली. पुन्हा भोंगा वाजवायची त्याची हिंमत नव्हती. पाय थोडा ढिला केला तर गाडी सुटणार, दाबून ठेवला तर हवा गळत राहणार. काटा सहावर. पाचाच्या खाली गेला की पायब्रेक असून नसल्यासारखा. त्यानं खिडकीतून हाका मारल्या. आवाज फाटला, वाऱ्यानं कुठल्या कुठं नेला.

पाणीवालीनं मान वर केली. ती खिडकीपाशी आली. "काय झालं काका? पाणी हवंय?"

"गाडी थांबत नाहीये," फिटर म्हणाला. त्याचा स्वतःचा आवाज त्याला ओळखू येईना. "फक्त माझ्या पायावर उभी आहे. चाकाखाली काहीतरी टाका. दगड, लाकूड, जे मिळेल ते. टाका आणि लगेच बाजूला व्हा, समोर थांबू नका."

तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा बसकडे. आणखी एकही प्रश्न विचारला नाही. आधी ती बसकडे धावली आणि लोकांच्या अंगावर खेकसली, "सरका, सगळे तिकडे भिंतीकडे सरका. आजोबा, उठा." म्हाताऱ्याला तिनं दंडाला धरून उठवलं. मग जागेच्या कडेनं लावलेल्या चुना फासलेल्या दगडांतला एक उचलून पोटाशी धरून आणला आणि पुढच्या चाकासमोर सरकवला. मग दुसरा. मग बाटल्या ओतून टाकून आपलं खोकंसुद्धा दुसऱ्या चाकाखाली घातलं आणि टपरीकडे पळत सुटली.

काटा पाचाच्या खाली उतरला. गाडी बोटभर पुढं आली, खोकं कडकड मोडलं, दगडावर चाक चढू पाहत होतं. फिटरनं पाठ सीटला रेटून पाय आणखी दाबले. समोरची जागा आता रिकामी झाली होती, पण बसच्या खिडकीत एक बाई अजून बसलेली त्याला दिसली, मांडीवर तान्हं घेऊन. ती उतरली नव्हती, कदाचित तिला ऐकूच गेलं नव्हतं. तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवून तो काट्याकडे बघत राहिला.

दार उघडलं. ड्रायव्हर धापा टाकत पायरीवर होता.

"किल्ली," फिटर म्हणाला. "आधी इंजिन. बाकी मग."

ड्रायव्हरनं आडवं होऊन किल्ली फिरवली. इंजिन लागलं. काटा बराच वेळ जागचा हलेना, मग हळूहळू चढायला लागला. सहा. सात. तेव्हा फिटरनं जागा सोडली आणि ड्रायव्हरनं ब्रेकवर पाय ठेवला. उतरताना पाणीवालीनं फिटरला धरून खाली बसवलं.

तिनं आणि बसच्या लोकांनी आणखी दगड आणून सगळ्या चाकांना लावले. कामं आटोपल्यावर ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "हँडब्रेक धरत नाही म्हणजे काय? तुम्ही तर बघितला होता."

"मी बघितला नव्हता."

"म्हणजे?"

"मी खाली गेलोच नव्हतो त्या दिवशी. बाहेरून टॉर्च मारला. नऊ वर्षं झाली, मी गाडीखाली जात नाही. जाववत नाही मला."

इंजिनाची धडधड तेवढी ऐकू येत होती. पाणीवाली मोडक्या खोक्याच्या फळ्या गोळा करत होती, ती थांबली.

"मी विचारलं तेव्हा तुम्ही ठीक आहे म्हणालात," ड्रायव्हर म्हणाला.

"हो."

"मी हिच्यात माझ्या लेकीला बसवून फिरवलंय, साडूभाऊ."

शिव्या दिल्या असत्या तर फिटरला बरं वाटलं असतं.

ड्रायव्हर मागच्या चाकांकडे बघत म्हणाला, "तुम्ही येऊन ब्रेक धरा. मी बघतो खाली जाऊन."

"तुला कळणार नाही काय बघायचं ते," फिटर म्हणाला. आणि हे खरंच होतं. टॉर्च घेऊन तो मागच्या चाकांपाशी गेला. गुडघ्यांवर बसला. मग पालथा झाला. डोकं आत गेलं आणि डिझेल, तापलेलं रबर, ओली माती असा तो जुना वास नाकात शिरला. छातीवर कुणी बसल्यासारखा त्याचा श्वास कोंडला. तो तसाच मागं सरकून बाहेर आला आणि मातीत ओकला.

"राहू द्या," ड्रायव्हर वरून म्हणाला.

"नको. तू बोलत राहा," फिटर तोंड पुसत म्हणाला. "तुझा पाय ब्रेकवर आहे हे मला कळत राहिलं पाहिजे. आवाज थांबला की मी बाहेर येईन."

"काय बोलू मी तुमच्याशी आता?"

"काहीही. कागद वाच."

ड्रायव्हरनं मालाचा कागद काढला आणि रागानं घुसमटलेल्या आवाजात वाचायला लागला. "फरशी, दोन फूट बाय दोन फूट, राखाडी, चारशे वीस खोकी. फरशी, एक फूट बाय एक फूट, पांढरी, दोनशे सत्तर खोकी. फुटतूट झाल्यास वाहतूकदार जबाबदार." कागद संपला की पुन्हा पहिल्यापासून. त्या आवाजाला धरून फिटर आत सरकला. खांदे, छाती, कंबर. वरती चोवीस टन होते. टॉर्चचा झोत कुठं ठरत नव्हता.

चार डबे. पहिल्याच्या पाठीतून बोटभर लांब बोल्ट बाहेर आला होता, वर काळा रंग फासलेला. डबा गळका झाला की स्प्रिंग आपोआप सुटून चाक जखडून ठेवते, गाडी हलत नाही. डबा बदलण्याऐवजी कुणीतरी बोल्ट पिळून स्प्रिंगच आत बांधून ठेवली होती. गाडी चालायला लागली, आणि विकायला तयार झाली. दुसऱ्या डब्यालाही तोच बोल्ट. चौथ्यालाही. चारांपैकी एकच स्प्रिंग मोकळी होती. तिनं बिचारीनं रिकामी गाडी तीन आठवडे धरली होती.

आडवा झाला असता तर यार्डातल्या पोत्यावर एक मिनिट पुरलं असतं. एवढ्या उघड्यावर होते ते बोल्ट.

बसच्या चालकानं खालच्या गावातल्या मेकॅनिकला फोन लावून दिला. तो दोन तासांनी आला, मोटारसायकलच्या मागं तीन नवे डबे बांधून. जुने आणू का, स्वस्तात पडतील, असं त्यानं फोनवर विचारलं होतं. दोघे साडू एकदमच नको म्हणाले. मागच्या टायरांसाठी ठेवलेले पैसे त्यात गेले. मेकॅनिकनं एका बाजूचे दोन बसवले, फिटरनं दुसऱ्या बाजूचा एक. गळकी नळीही बदलली. प्रत्येक वेळी आत जाण्याआधी तो चाकाला हात लावून थांबत होता. चौथ्यांदा जातानाही थांबला. संध्याकाळ व्हायच्या आत दगड काढले, हँडब्रेक ओढला आणि तिघं बाजूला उभे राहून बघत राहिले. गाडी खिळल्यासारखी उभी होती. पाणीवालीला ड्रायव्हरनं खोक्याचे पैसे देऊ केले. तिनं खोक्याचेच घेतले, वरचे परत केले.

उतार सव्वा तासाचा होता. ड्रायव्हरनं गिअर लहान ठेवला आणि बैलगाडीच्या चालीनं गाडी उतरवली. मागचे भोंगे वाजवून थकले. प्रत्येक वळणावर फिटरचा उजवा पाय आपोआप पुढं रेटला जात होता, तिथं ब्रेक नव्हता तरी. खाली सपाटीला लागल्यावर ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. त्याचे खांदे हलत होते. तोही सगळा वेळ तितकाच घाबरलेला होता, हे फिटरला तेव्हा कळलं.

परत आल्यावर ड्रायव्हर तिन्ही बोल्ट घेऊन यार्डात गेला. मालकानं ते उलटसुलट करून पाहिले. "तुमचाच फिटर होता की बरोबर," तो म्हणाला. "त्यानं ठीक आहे म्हटलं म्हणून तर तुम्ही घेतली." ड्रायव्हर तसाच परत फिरला. घरी येऊन त्यानं हे फिटरला शब्दन् शब्द सांगितलं. बायकांना काही सांगितलं नाही.

ते फिटरनं सांगितलं. दोन्ही बहिणी स्वयंपाकघरात बसल्या असताना त्यानं दारात उभं राहून वर्कशॉपपासून पाणीवालीपर्यंत सगळं सांगून टाकलं. थोरली पदर तोंडाला लावून ऐकत राहिली. नऊ वर्षं गुडघ्यांना तेल चोळलं मी, एवढंच शेवटी म्हणाली. धाकटी मात्र मधेच उठली आणि त्याच्या शेजारून निघून गेली. दोन महिने ती त्याच्याशी बोलली नाही. आपल्या लेकीला त्याच्या घरी पाठवलं नाही.

फिटर प्रत्येक खेपेच्या आधी गाडीखाली जायचा. गाडी सपाटीला, चाकांना ठोकळे, ड्रायव्हर वर बसलेला. अजून कधी कधी दोनदा बाहेर येऊन तिसऱ्यांदा जमायचं. ड्रायव्हर थांबून राहायचा, घाई करायचा नाही.

एका सकाळी तो असाच आत पडलेला असताना शेजारी कुणीतरी सतरंजी पसरली. धाकटी होती. जुना सदरा घातलेला, केस फडक्यात बांधलेले.

"सरका थोडे, भाऊजी," ती म्हणाली.

"तू कशाला? घाण आहे इथं. सगळं ठीक..." तो म्हणता म्हणता थांबला.

"काय बघायचं ते मला दाखवा. यापुढे मी स्वतः बघणार."

ती पाठीवर सरकत त्याच्या बाजूला आली. तिचाही श्वास जोरात चालला होता, डोळे वरच्या लोखंडावर खिळले होते. फिटरनं टॉर्च तिच्या हातात दिला. पहिला डबा दाखवला, त्याची पाठ, नळी, सांधा, गळती कशी ओळखायची ते सांगितलं. तिनं शिवणीवरून फिरवावं तसं सांध्यावरून बोट फिरवलं, मग बोट नाकाशी नेऊन हुंगलं.

"हे ओलं कशाचं?"

"वंगण आहे."

"नक्की? बघून सांगा."

फिटर कोपरांवर टेकून वर झाला, मान वळवून आणखी आत सरकला आणि नीट बघायला लागला.